गिरण्या संपामुळेच बुडाल्या का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मुंबईच्या गिरणगावावर, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीवर, एक लहानसं टिपण दिलं होतं, लालबाग-परळच्या जुन्या चाळींबद्दल. त्यावर पेडण्यापासून काणकोणापर्यंत इतक्या जणांनी लिहिलं की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच दिलंय, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दामच छापलेली नाहीत, कारण बऱ्याच पत्रांत घरच्या गोष्टी आहेत.

मुलगा परळला राहतो म्हणून वर्षातून एकदा जाणं होतं, पण गिरणगाव म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत तेच कळत नाही. सगळे टॉवरच दिसतात. (डिचोलीच्या एक वाचक)

ताई, तुमचा मुलगा राहतो तो त्याचा मधलाच भाग. ताडदेव, भायखळ्यापासून सुरू करा, मग चिंचपोकळी, लालबाग, करी रोड, परळ, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी असं दादरपर्यंत या. हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. नकाशावर या नावाचा वॉर्ड नाही की स्टेशन नाही, तरी तिथल्या माणसाला विचारलं तर तो हद्द बरोबर सांगतो.

सुरुवात झाली ताडदेवला. कावसजी दावर नावाच्या पारशी व्यापाऱ्यानं १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणीतून सूत निघायला लागलं. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते ६५, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत आला आणि त्यातला बराच सट्ट्यात बुडालाही, पण पुढच्या २०-३० वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. पेटिट, ससून, टाटा ही नावं तेव्हाचीच. सुरुवातीचा मोठा धंदा कापडाचा नव्हता तर सुताचा होता आणि ते सूत चीनला जायचं, जपानच्या गिरण्या आल्या तेव्हा तो बाजार गेला आणि मग मुंबईकर मालकांनी विणाईकडे मोर्चा वळवला.

आणि गिरण्या तिथेच का, तर ती जागा तेव्हा शहराबाहेर होती, जमीन स्वस्त होती, दोन्ही बाजूंनी रेल्वे होती आणि बॉयलरला पाणी पुरवायला तळी होती. शहराबाहेरची स्वस्त जमीन, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं आलंय.

आमच्या पेडण्यात म्हातारी माणसं सांगतात की अमका मुंबईला गिरणीत होता. पण गोव्यातले लोक तर बोटीवर नाहीतर हॉटेलात जायचे ना? गिरणीत खरंच होते का? (पेडणे)

होते, पण प्रमाण समजून घ्या. गिरण्यांत सगळ्यात मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि तेव्हा रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच, तो वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडचं शिरोडा, रेडी, सातार्डा, बांदा हे सगळं गिरणीला माणसं पुरवणारं. सोयरीक या नदीच्या दोन्ही काठांना, देव दोन्ही काठांचे, दशावतार दोन्हीकडे तोच, मग मामा गिरणीत असला की भाचा पण त्याच वाटेनं जाणार हे ओघानं आलंच. त्यामुळे पेडणे, डिचोली, सत्तरीतली माणसं मिळतात ती बहुतेक अशी नात्याच्या हातानं आत शिरलेली. त्याशिवाय साताऱ्या-कोल्हापुराकडचे घाटावरचे लोक आणि उत्तरेकडचे विणकर, असा सगळा मेळ होता.

गोव्यातल्या ख्रिश्चन बांधवांच्या धोबीतलावला, डाबुलला गावागावाच्या कुडी असायच्या, तुम्हाला माहीतच असतील. गावातला माणूस मुंबईत उतरला की आधी कुडीत, बोट मिळेपर्यंत तिथेच. गिरणगावातला गाळा साधारण त्याच पद्धतीचा. एका गावातल्या लोकांनी मिळून खोली घ्यायची, भाडं वाटून द्यायचं. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खिळा आणि गुंडाळलेली वळकटी, बास. सगळे एकदम झोपू शकायचे नाहीत आणि गरजही नव्हती, कारण गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, रात्रपाळीवाला परत आला की सकाळपाळीवाला उठून गेलेला असायचा आणि उरलेले जिन्यात नाहीतर फुटपाथवर. गावचा उत्सव, देवळाची वर्गणी, कोणाचं आजारपण, अगदी भांडणाचा निवाडासुद्धा त्याच खोलीत व्हायचा. गिरणगावाला गाव का म्हणायचे त्याचं कारण मला तरी या खोल्यांत दिसतं, चिमण्यांत नाही.

आणि एक गोष्ट पेडण्याच्या माणसानं तरी विसरू नये. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ पाळला गेला. कामगारांच्या संघटना त्या काळात गोव्याच्या मुक्तीसाठी रस्त्यावर होत्या. त्याच वर्षी मुंबई-गोवा बोट बंद झाली, कॅसलरॉकची गाडी बंद झाली, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले, म्हणजे मुंबईत कमावणाऱ्या गोवेकराचं घर सीमेच्या पलीकडे राहिलं. मुक्तीनंतर बोट परत चालू झाली, पणजीहून भाऊच्या धक्क्याला जाणारी ती बोट आठवणारे वाचक अजून बरेच आहेत.

गिरणीत आत नेमकं काय काम असायचं? आजोबांना ऐकू कमी यायचं आणि ते सारखे खोकायचे, आजी म्हणायची गिरणीनं दिलं. (म्हापसा)

आजी बरोबर सांगत होती.

कापसाच्या गाठी फुटायच्या तिथून सुरुवात. कापूस पिंजून साफ करायचा, त्याचा पेळू म्हणजे सैलसर वात करायची, पेळू ओढून ओढून बारीक करायचा, मग रिंग खात्यात चात्यांवर सूत कातायचं, ते कांड्यांवर म्हणजे लहान रिळांवर भरायचं, उभ्या धाग्यांना खळ लावायची आणि मग साच्यावर विणायचं. साचा म्हणजे गिरणीतला माग. पहिल्या खात्यांत हवेत कापसाची धूळ एवढी की केस, भुवया, मिशा पांढऱ्या होऊन माणसं बाहेर पडायची. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन दमा-खोकल्याचा एक रोगच होतो, डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात, सुट्टी संपवून पुन्हा कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते ही त्याची खूण.

विणाई खात्यात धूळ कमी, पण आवाज. शेकडो साचे एकदम चालू आणि प्रत्येकात धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, या टोकाहून त्या टोकाला आपटतोय. शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे नाहीतर हातानं खुणा करायच्या, मुकादम आलाय याची खूण वेगळी, चहाची वेगळी. घरी आल्यावर हीच माणसं मोठ्यानं बोलायची आणि पोरांना वाटायचं बाबा रागावलेत. शिवाय हवा कोरडी झाली की धागा तुटतो म्हणून खिडक्या बंद ठेवून आत पाण्याची वाफ सोडायचे. एप्रिल-मे मधली मुंबई आणि वर ही वाफ, बनियन पिळून निघायचं.

धोट्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, एवढं कारण काढून दलित कामगारांना विणाई खात्यात घेतच नसत, आणि जास्त पगार त्याच खात्यात. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे स्वच्छ मांडला, की एकजूट मागताय तर आधी विणाई खात्याचं दार उघडा. गिरणगावच्या एकीबद्दल आपण भरभरून बोलतो ते खरंच आहे, पण ही बाजू सोडून बोललं तर ते बोलणं खोटं पडतं.

कामाचे तासही असे सहज कमी झाले नाहीत. सुरुवातीला उजेड असेपर्यंत काम. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आठ तासांपर्यंत यायला मात्र १९४० चं दशक उजाडावं लागलं. मधे १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद होत्या, पगार बुडवून.

खानावळींबद्दल वाचायला आवडेल. बायका गिरणीत होत्या की फक्त घरीच? (फोंडा)

दोन्हीकडे होत्या. १९२० च्या दशकात गिरणीतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई असायची, कांड्या भरणं, सूत गुंडाळणं ही खाती जवळजवळ त्यांचीच. पुढे रात्रपाळीला बायका नकोत, बाळंतपणाची रजा द्यावी लागते, नवी मशिनं आली, असं करत करत त्यांना कमी करत नेलं. कायदे बायकांच्या भल्यासाठीच झाले होते पण मालकांनी हिशोब केला आणि बाईलाच काढलं.

खानावळवाली मात्र शेवटपर्यंत टिकली. गाळ्यात राहणाऱ्या माणसाला स्वयंपाकाची सोय नाही, मग शेजारच्या चाळीतली एखादी बाई वीस-तीस जणांचं जेवण महिन्याच्या बोलीवर करायची. कोकणातली असली तर भात, आमटी, सुकं नाहीतर ओलं म्हावरं, घाटावरची असली तर भाकऱ्यांची चळत. पाळ्या तीन म्हणून चूल पण तीन वेळा, पहाटे चारला उठायचं आणि रात्री शेवटचं ताट उचलून झोपायचं, दहा बाय बाराच्या खोलीत, स्वतःची पोरं तिथेच कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली. दुकानदाराकडून माल उधार, त्यावर सावकाराचं व्याज, आणि संप झाला की तिची उधारी तशीच राहायची पण ताटं बंद करायची नाही. १९७० च्या दशकातल्या संपात या बायकांनी अंगावरचं गहाण टाकून माणसं जेवू घातली.

आता फोंड्याच्या ताईंना आवडेल असं सांगतो. या बायकांना एकत्र आणून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते प्रेमा पुरव यांनी, आणि त्या आपल्या गोव्याच्या. मुक्तीलढ्यात अगदी लहान वयात उतरल्या, पोर्तुगीजांची गोळी पायाला लागली, मुंबईला गेल्या त्या तिथल्याच होऊन राहिल्या आणि कामगार चळवळीत पडल्या. खानावळवालीला बँकेचं कर्ज मिळालं तर ती सावकाराच्या तावडीतून सुटते, हे त्यांनी बँकेच्या गळी उतरवलं आणि बायकांनी ते कर्ज फेडूनही दाखवलं. बचत गट हा शब्द कानावर यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्यात त्यांचं नाव शाळेतल्या पोरांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी १९८२ चा संप ताणला म्हणूनच गिरण्या बुडाल्या ना? (हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांचा, मडगाव, वास्को, साखळी, डिचोली)

बहुतेकांनी उत्तरासकट प्रश्न विचारलाय. माझं मत वेगळं आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो.

आधी काय झालं ते बघा. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून नाराजी झाली. कायद्यानं कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. हा कायदा १९४६ चा. कामगार म्हणत होते ही युनियन आमची नाही, मालक आणि सरकार म्हणत होते कायद्यानं तीच तुमची. इंजिनिअरिंग, औषध कंपन्यांत डॉ. सामंतांनी मोठ्या पगारवाढी मिळवून दिलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून कामगार स्वतः घाटकोपरला त्यांच्या दारात गेले. आधी काही गिरण्या बंद झाल्या आणि १८ जानेवारी १९८२ पासून सगळ्याच. सुमारे ६० गिरण्या, अडीच लाख माणसं. त्यात बदली कामगार किती होते बघा, वर्षानुवर्षं रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम नाहीतर परत घरी, कायम व्हायची आशा नाही. त्यांचा राग एका बोनसचा नव्हता.

वर्षभर संप चालला त्याचं कारण परत गावच आहे. माणसं कोकणात, घाटावर निघून गेली, शेतात राबली, गावानं पोसलं. नुसत्या शहरातल्या कामगाराला हे जमलंच नसतं. पण ज्यांचं गावाकडे काही उरलं नव्हतं त्यांनी भांडी विकली, मुलांच्या शाळा सोडवल्या.

चुका झाल्या का, तर झाल्या. मधे अंतरिम वाढीचा प्रस्ताव आला होता, तो नाकारला गेला. माघारीचा रस्ता कोणी ठरवून ठेवला नव्हता. सरकारला भीती की इथे सामंत जिंकले तर उद्या गोदी आणि रेल्वेत शिरतील, म्हणून सरकार हललं नाही, आणि हे ओळखून डाव बदलायला हवा होता असं मला वाटतं. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, हळूहळू विरला. लाखाहून जास्त माणसांना परत कामावर घेतलं नाही. डॉ. सामंतांना १९८४ मध्ये त्याच कामगारांनी लोकसभेत निवडून दिलं आणि १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला.

आता दुसरी बाजू, जी घरात बसून बोलताना कोणी काढत नाही. संपानंतर गिरण्या परत सुरू झाल्या होत्या! १३ गिरण्या सरकारनं १९८३ मध्ये ताब्यात घेतल्या, बाकीच्यांतही भोंगे वाजायला लागले, कितीतरी गिरण्या नव्वदच्या दशकातही चालत होत्या, काही तर २००० नंतरही. मग बुडाल्या कधी आणि कशानं?

पहिलं म्हणजे मशिनरी. नफा झाला तेव्हा मालकांनी तो नव्या यंत्रांत घातला नाही, काही ठिकाणी पन्नास पन्नास वर्षांपूर्वीचे साचे चालू होते. दुसरं सरकारी धोरण, हातमाग वाचवायचा म्हणून गिरण्यांना नवे माग वाढवायला बंदी, कर जास्त, आणि त्या सावलीत वाढला यंत्रमाग, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, जिथे युनियन नाही, पगार कमी, वीज स्वस्त. संपाच्या काळात तर मालकांनी कापड यंत्रमागावर विणून घेतलं आणि त्यावर गिरणीचा छाप मारून विकलं, म्हणजे संप चालू आणि धंदाही चालू. पडून असलेला जुना माल पण त्या काळात खपून गेला. तिसरं, लोक पॉलिएस्टर घालायला लागले होते. हे सगळं १९८२ च्या आधी सुरू झालेलं.

आणि मग जमीन. सुमारे ६०० एकर, जी कधीकाळी शहराबाहेरची स्वस्त जागा होती ती आता शहराच्या पोटात आलेली. कापड विणून वर्षाला जे मिळणार ते जमीन विकून एका सहीत मिळत असेल तर गिरणी चालवायची कोणाला इच्छा राहील? संपानं कामगाराची ताकद मोडली, आणि ताकद मोडली म्हणून पुढे जमीन जाताना त्याला कोणी विचारलं नाही, असा माझा हिशोब आहे. संपानं गिरण्या बुडवल्या म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की संपच कारण असता तर सरकारच्या ताब्यातल्या आणि अहमदाबादच्या गिरण्या का बंद पडल्या, तिथे कुठे १९८२ चा संप होता?

मग ती जमीन गेली कुठे? एक तृतीयांश वगैरे काहीतरी होतं ना? (पणजी)

होतं. १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ नंबरचा नियम. गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे करा, एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या घरबांधणी मंडळाला, परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला, आणि मिळालेल्या पैशातून कामगारांची देणी द्या, जमलं तर गिरणी सुधारा. कागदावर चांगला नियम होता. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्र आराखडाही करून दिला होता, म्हणजे सलग मैदानं, रुंद रस्ते, घरं.

२००१ मध्ये नियमात बदल केला. तीन वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे, ज्यावर बांधकाम आहे ती धरायची नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी शेडच. म्हणजे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला तुकडे आले. लोक कोर्टात गेले, हायकोर्टात जिंकले, आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मालकांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच्या आधीच २००५ मध्ये सरकारी महामंडळानं गिरण्या लिलावात काढल्या होत्या, लोअर परळची एक मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना गेली.

आता तिथे मॉल, ऑफिसं, पब. रस्ते मात्र तेच राहिले, चालत कामाला जाणाऱ्या माणसांचे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड-परळच्या पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगरून २३ माणसं गेली, आणि तीनच महिन्यांनी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या पबला आग लागून १४. दोन्ही ठिकाणं गिरणगावातली. सलग आराखडा झाला असता तर हे टळलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण रुंद रस्ते आणि मोकळी जागा मागणारी माणसं वेडी नव्हती एवढं तरी कळायला हवं.

महाराष्ट्रात अशी आणखी गिरण्यांची गावं आहेत का? (साखळीची विद्यार्थिनी, प्रोजेक्टसाठी)

सोलापूर घे. तिथली जुनी मिल १८७७ ची, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, मे १९३० मध्ये काही दिवस इंग्रजांचं राज्यच उठलं म्हणून मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना फाशी. गिरण्या गेल्या तरी चादर आणि टॉवेल अजून आहेत, त्यामुळे मुंबईशी तुलना करायला प्रोजेक्टला चांगला विषय होईल. खान्देशातलं अमळनेरही बघ, तिथली प्रताप मिल.

गणपतीनंतर मुंबईला जाणार आहोत. गिरणगाव बघायचं तर काय बघायचं? (कुडचडे)

मांडवी नाहीतर कोकणकन्येनं जा, दादरला उतरा. मॉलमध्ये जाऊन गिरणी शोधू नका. नायगावच्या नाहीतर वरळीच्या बीडीडी चाळी आधी बघा, १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या, चार ठिकाणी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकास चालू आहे, ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, रहिवाशांना मिळायलाच हवीत, पण म्हणूनच ज्या चाळी उभ्या आहेत त्या आत्ताच बघून घ्या. लांब गॅलरी, मधे जिना, खाली पटांगण, तिथेच कबड्डी, तिथेच गणपती, तिथेच सभा. आत जाताना कोणाला तरी विचारा, लोकांची घरं आहेत ती, आणि मालवणीत बोललात तर चहा मिळेल.

मग लालबागला या. भारतमाता सिनेमाची जागा, समोरून येणारे मसाल्याच्या गल्लीचे वास, मिरची कांडप अजून चालतं. लालबागचा राजा १९३४ चा, तो गिरण्यांनी नाही तर तिथल्या मार्केटमधल्या कोळी आणि विक्रेत्यांनी बसवलेला. तिथून डिलाईल रोडनं, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गानं, चालत जा. टॉवरांच्या मधे एखादी चिमणी उभी दिसेल, पण मान वर करून चालाल तरच. उन्हाच्या आधी, सकाळी सातच्या सुमाराला निघा.

वडील १९७० पासून गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते परत गेलेच नाहीत. आता ते नाहीत. गिरणी कामगारांना घरं मिळतात म्हणे, आम्ही गोव्यात राहणारे, आम्हाला हक्क आहे का? (पेडणे)

आहे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामगार गिरणीच्या पटावर होता तो, आणि तो हयात नसेल तर त्याचे वारस, यासाठी पात्र धरलेत. तुमच्या वडिलांचं नाव संपाच्या वेळी पटावर असणारच. गोव्यात राहता यानं काही बिघडत नाही.

पण खोटी आशा दाखवत नाही. म्हाडाकडे दीड लाखाच्या वर अर्ज आलेत. पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली ६,९२५ घरांची, २०१६ आणि २०२० मध्ये आणखी, सगळी मिळून पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. मुंबईत जागा नाही म्हणून आता शेलू, वांगणी असं लांबचं सुचवलं जातंय आणि कामगार संघटना म्हणतात आमची जमीन मुंबईत गेली तर घर पण मुंबईत द्या. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आधी घरी बघा की वडिलांनी किंवा तुम्ही कोणी पूर्वी अर्ज भरला होता का, त्याची पावती आहे का. अर्ज घेतले गेले ते ठरावीक मुदतीत, म्हणून पावती सगळ्यात महत्त्वाची. मग कागद जमवा, गिरणीचं ओळखपत्र किंवा तिकीट नंबर, हजेरी कार्ड, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराची चिठ्ठी असली तर तीही. वारसाचा दाखला गोव्यात काढावा लागेल आणि वडिलांचं नाव गिरणीच्या कागदावर ज्या स्पेलिंगनं आहे आणि आपल्या इथल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत जसं आहे ते जुळतं का ते आधी तपासा, पोर्तुगीज काळातल्या नोंदीत आडनावं वेगळी लिहिलेली असतात आणि तिथेच अर्ज अडकतो. जुळत नसेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. एजंटला पैसे देऊ नका. लालबाग-परळमध्ये कामगारांच्या संघटनांची ऑफिसं आहेत, तिथे प्रत्यक्ष जा, गिरणीचं नाव आणि खातं सांगितलं की कोणी ना कोणी वडिलांच्या खात्यातला माणूस भेटतो, आणि कागद कमी पडत असतील तर तोच पुढचा रस्ता सांगेल.